दिसलं नाही म्हणजे नाहीच का?

रिपोर्टची पहिली ओळ होती, ‘संशयास्पद काही दिसले नाही.’ दुसरी होती, ‘ऊती अतिघन. चित्राची खात्री कमी.’ आता काही नाही म्हणायचं आणि लगेच खात्रीही नाही म्हणायचं, हे कसं काय? अकरा वर्षांची तेजल दोन दिवस त्या कागदावर डोकं खाजवत बसली होती.

रिपोर्ट तिच्या आईचा होता. आई मिठागरावर कामाला, तिला वाचता येत नव्हतं. मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेली, तेव्हापासून आईलाही तेच झालं तर, या भीतीने तेजलची झोप उडाली होती. आई मात्र पहिली ओळ ऐकूनच मिठागरावर पेढे वाटून मोकळी झाली. सुंठीवाचून खोकला गेला, आता कशाला नसती खुसपटं काढायची, असं तिचं म्हणणं. पण तेजल कसली ऐकते! तिने आईला हाताला धरून पुन्हा आरोग्य केंद्रात नेलंच.

तिथे तपासणीला पारखी नावाचा यंत्रमानव होता. त्याने पडद्यावर दोन फोटो लावले आणि सावकाश समजावलं. मॅमोग्राफीत (स्तनाच्या क्ष-किरण फोटोत) चरबी काळसर दिसते आणि गाठ पांढरी, म्हणून गाठ चटकन सापडते. पण काही बायकांच्या स्तनांत चरबी कमी आणि दूधग्रंथींचं जाळं दाट असतं. त्यालाच घन ऊती म्हणतात. तो काही आजार नव्हे, कितीतरी जणींचं तसं असतं, आणि हात लावून ते कळतही नाही. पण इथेच घोडं पेंड खातं, कारण ते जाळंही फोटोत पांढरंच दिसतं.

तेजल आईकडे वळली. “आई, मिठाच्या राशीत पांढरी गारगोटी पडली, तर दिसते?”

“छे, कितीही निरखलं तरी नाही. मीठ पाण्यात विरघळवलं, तरच...” आई बोलता बोलता थांबली. मग तिने पारखीला विचारलं, गाठ शोधायची दुसरी काही रीत आहे का?

होती. सोनोग्राफी (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी काढलेलं चित्र). तिच्यात हे जाळं फिकट दिसतं आणि गाठ बहुधा काळसर. मग आधीच का नाही केली, तेजलने चिडून विचारलं. कुणी मागितल्याशिवाय ती माझ्या यादीत येत नाही, पारखीने सरळ सांगून टाकलं.

केंद्राच्या डॉक्टर मोकल यांनी सोनोग्राफी केली. मुगाच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला. सुईने त्यातल्या पेशी काढून तपासल्या आणि आठवड्याने कळलं, कर्करोगच आहे. तेजल आईच्या कुशीत ढसाढसा रडली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गाठ लहान असतानाच सापडली होती, म्हणून बरं होण्याची आशा मोठी होती.

शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले. पुढच्या तपासणीला आई आली ती तेजलला आणि मिठागरावरच्या आठ जणींना घेऊनच. आल्या आल्या तिने पारखीला गाठलं.

“मला वाचून दाखवायला ही होती. जिला कुणीच नाही, तिचं काय?”

पारखीने तो प्रश्न डॉक्टर मोकलांकडे पोचवला. त्यांनी त्याच दिवशी पारखीची यादी बदलली. आता दुसरी ओळ तो स्वतःच वाचून दाखवतो, अर्थ सांगतो आणि पुढची तपासणी हवी का ते विचारतो. त्या दिवशी रांगेत पहिल्या होत्या त्या आठ जणींतल्या यमुनाकाकू. दुसरी ओळ ऐकून त्या निघता निघता परत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “मग ती सोनोग्राफीही होऊ दे बाबा, मला घाई नाही.”