शिंपल्यांची पेटी

सकाळच्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत फोन खणखणला.

“मॅडम, असाल तशा या!” पार्कमधल्या फ्रेंच रेस्टॉरंटच्या मॅनेजरचा आवाज कापत होता. “काल दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर जेवलेलं अख्खं कुटुंब दवाखान्यात आहे. बाकीचे सावरलेत, पण आजीबाईंची काही धडगत दिसत नाही. शिंपले बाधले, म्हणतायत डॉक्टर.”

फौजदारबाईंनी कप तसाच खाली ठेवला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पोलिसात काढली होती. आता या मनोरंजन पार्कची सुरक्षा त्यांच्याकडे होती, पण जुनं नाव काही सुटलं नव्हतं. त्यांचे नियमही पोलिसी खाक्याचेच. पार्कच्या आतल्या रस्त्यावर मिरवणुकीची तालीम चालू असली की मागचं फाटक बंद. बाहेर खोळंबलेल्या गाड्यांची इंजिनंसुद्धा बंद, कारण नाचणाऱ्यांच्या नाकातोंडात धूर नको. हा शेवटचा नियम बाईंच्या स्वतःच्या डोक्यातला, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! कालची तालीम ऊन डोक्यावर येईस्तोवर लांबली, तरी एकही गाडी आत शिरली नव्हती.

रेस्टॉरंट मात्र झोकात सजलेलं होतं. भिंतीवर रंगवलेली नदी, पट्ट्यापट्ट्यांच्या बनियनमधले वेटर, आणि डोक्यावरून रोलरकोस्टर धडधडत गेली की टेबलांवर किणकिणणारे ग्लास. बाई दुपारच्या जेवणाला रोज इथेच, स्वयंपाकघराच्या दाराशी बसत. कांद्याचं सूप आणि पाव. मोठे शेफ स्वतः वाढत. भाची त्यांच्याच हाताखाली काम करायची, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणत.

अलीकडे सूपची चव अधूनमधून बिघडायची. मागच्या महिन्यात भाची रजेवर होती तेव्हा तर ते खारट सूप तोंडात धरवत नव्हतं. पण ज्याच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, त्याला नावं कशी ठेवायची? बाई मुकाट्याने वाडगा रिकामा करायच्या.

“फार शोधायला नको,” मॅनेजर दारातच म्हणाला. “भाचीनं कबूल केलंय. दुपारी पोलीस येतील. मालक म्हणतात, तिला त्यांच्या हवाली करायचं. आता कुठल्या स्वयंपाकघरात तिला उभंसुद्धा करणार नाहीत.”

भाची कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. डावा गाल टम्म सुजलेला, डोळे रडून लाल.

“काय झालं काल?” बाईंनी विचारलं.

“थंड कोठीचं दार माझ्याकडून उघडं राहिलं. क्रीम काढायला गेले होते. शिंपले आत होते, ते नासले.”

“आत तू ठेवलेस?”

“नाही. मी आले तेव्हा मामांनी ठेवून झाले होते. सकाळी मी दाढ काढायला गेले होते ना.”

“आणि दार कधीपर्यंत उघडं होतं?”

“दुपारची गर्दी सुरू होईपर्यंत असेल.”

पाठ केलेली कविता म्हणावी तसं तिनं हे सांगितलं.

मामा शेगडीकडे पाठ करून उभे होते. एका रात्रीत माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायला लागला होता.

“पेटी कुणी घेतली, मामा?”

“मीच. इथला नियम तुम्हाला माहीतच आहे, बाई. शिंपल्यांची पेटी माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय आत येत नाही. वास मी घ्यायचा, दुसऱ्या कुणी त्यात नाक खुपसायचं नाही. ताजे होते काल.”

“म्हणजे चूक हिचीच?”

मामांनी भाचीकडे बघितलं नाही. “पोर आहे. चुकली,” ते पुटपुटले.

एवढ्यात बाईंना जोराचा ठसका लागला. मामांच्या पाठीमागे लोणी जळत होतं. मॅनेजर खोकत खिडकीकडे पळाला. मामा मात्र बोलतच होते, पेटी कशी होती, बर्फ कसा होता. भाचीने धावत जाऊन भांडं उतरवलं.

“बोलण्याच्या नादात मामांचं लक्षच नाही,” ती घाईघाईने म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं.

बाई थंड कोठीत गेल्या. दाराला लागूनच खालच्या फळीवर चॉकलेटचे किल्ले मांडलेले होते. पार्कमधल्या मोठ्या किल्ल्याची नक्कल. काडीएवढे बुरूज आणि त्यावर कागदासारखी पातळ निशाणं.

“हे कधी बनवले?”

“परवा,” मॅनेजर म्हणाला. “आजच्या वाढदिवसासाठी. का हो?”

बाईंनी एकेक निशाण निरखून पाहिलं. सगळी ताठ उभी होती.

मग त्यांनी शिंपले पोचवणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावला.

“पेटी मामांच्याच हातात दिलीस?”

“हो. त्यांनी वास घेतला, म्हणाले, झकास. मलाच जरा शंका येत होती. पण त्यांच्यापुढे आपण काय बोलणार?”

“शंका कसली? माल ताजा नव्हता?”

“भरला तेव्हा एकदम ताजा होता, बाई.”

“मग वाटेत कुठे रेंगाळलास?”

“वाटेत नाही हो. तुमच्या फाटकावर थांबलो होतो.”

बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला, गाडीविषयी. उत्तर ऐकलं आणि फोन बंद केल्यावरही त्या तशाच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इथेच थांबावं, भाचीचा जबाब आहे तसा पोलिसांना द्यावा, असं त्यांना क्षणभर अगदी मनापासून वाटलं. त्या वाटण्याचीच त्यांना मग लाज वाटली.

थोड्या वेळाने त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या दालनात बोलावलं. मधल्या टेबलावर एक पेटी होती, वरून ओलं फडकं टाकलेलं. बाईंनी मॅनेजरच्या कानात काही सांगितलं आणि भाचीला मात्र मामांच्या पाठीमागे, दूर खांबाशी उभं केलं.

“मामा, कालच्याच गाडीवाल्याकडून आणखी एक पेटी मागवलीय. फडकं न काढता सांगा, कशी आहे?”

मॅनेजरने लगबगीने नाकाला रुमाल लावला. बाईंनीही पदर लावला. मामांनी मागे वळून भाचीला शोधलं, पण बाई मध्ये उभ्या होत्या. मामा वाकले. त्यांनी खोल श्वास घेतला. मग मॅनेजरच्या रुमालाकडे बघितलं.

“मामा, नको!” भाची ओरडली.

“छे छे! नासलेत,” मामा तोवर बोलून गेले होते. “उचला, फेकून द्या.”

बाईंनी फडकं ओढलं. पेटीत नुकती सोललेली संत्री होती. त्यांचा घमघमाट केव्हाचा दालनभर पसरला होता.

मामा खुर्ची चाचपडत खाली बसले.

“कधीपासून वास येत नाही, मामा?” बाईंनी हळूच विचारलं.

“मागच्या हिवाळ्यात ताप आला होता. ताप गेला, जाताना तेवढं घेऊन गेला.”

“मला तेव्हाच कळायला हवं होतं,” बाई मॅनेजरकडे वळल्या. “ही रजेवर गेली की माझं सूप बिघडायचं. आज लोणी जळलं, आपण दोघं खोकून बेजार, आणि शेगडीपाशी उभ्या असलेल्या शेफला पत्ता नाही. मामांचं नाक आणि जीभ ही भाचीच होती. ती शेजारी उभी राहायची आणि नजरेनं सांगायची. काल पेटी आली तेव्हा ती दाढ काढायला गेली होती. मामांनी एकट्यानंच वास घेतल्याचं नाटक केलं.”

“पण कोठीचं दार? तिनं कबूल केलंय ना?”

“दार उघडं राहिलंच नव्हतं. एवढ्या उन्हाळ्यात तासभर जरी राहिलं असतं, तरी दाराशी ठेवलेल्या चॉकलेटच्या किल्ल्यांनी माना टाकल्या असत्या. त्यांचं एकही निशाण वाकलेलं नाही. शिंपले आत जाण्याआधीच बिघडले होते.”

“मीच मामांना गप्प बसवलं!” भाची पुढे आली. “आईमागे यांनीच वाढवलं मला. शेफचं काम गेलं तर यांच्याकडे काय उरतं? मला कुठेही भांडी घासता येतील.”

“हिनं गप्प बसवलं, आणि मी बसलो,” मामा म्हणाले. “रात्रभर स्वतःला समजावत होतो, की सकाळी खरं सांगेन. सकाळ झाली आणि जीभ उचललीच नाही. तिकडे त्या आजीबाई, इकडे ही. मी दोघींचा गुन्हेगार आहे. चला, बाई. पोलिसांना मीच सांगतो.”

“एक राहिलंच,” मॅनेजर म्हणाला. “गाडी थंड, माल ताजा. मग शिंपले बिघडले कसे?”

बाईंनी पदर सारखा केला. पोलिसात असताना कितीदा तरी त्यांनी आरोपीच्या तोंडून हे ऐकलं होतं, पण स्वतःला सांगायला लागणार असं कधी वाटलं नव्हतं.

“गाडीवाल्याचं माल थंड ठेवायचं यंत्र इंजिनावर चालतं. काल तालमीसाठी फाटक बंद होतं आणि सगळ्यांची इंजिनं बंद होती. त्यानं रखवालदाराला दोनदा विनवलं. रखवालदार म्हणाला, बाईंचा नियम आहे. गाडी उन्हात तापत राहिली. मामांच्या नाकाने ती पेटी अडवायला हवी होती, पण ती नासवली मी. पोलिसांना दोन्ही नावं सांगायची. भाचीचं नाव यात कुठेही येता कामा नये.”

मॅनेजरच्या खिशात फोन वाजला. तो ऐकत राहिला आणि मग मटकन बसलाच. “आजीबाईंनी डोळे उघडले. पाणी मागितलं म्हणे.”

मामांनी तोंड ओंजळीत लपवलं आणि ते हमसून रडायला लागले. भाची त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाईंनाही हायसं वाटलं, पण छातीवरचं ओझं काही उतरलं नाही. म्हातारी वाचली म्हणून नियम बरोबर ठरत नव्हता.

बाहेर ढोल वाजायला लागले. आजची तालीम सुरू होत होती. बाईंच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

“बाई, फाटक बंद करतोय. गाड्यांची इंजिनं पण बंद करायला सांगतो.”

“थांब,” बाई म्हणाल्या. “आधी प्रत्येक गाडीपाशी जा आणि आत काय आहे ते विचार. मी येतेच आहे तिकडे.”