गाडी उलाळ झाली

तो पहिल्यांदा आमच्या आवारात आला, तो फाटकातून नाही... कुंपणातून!

चाकणला नाशिक रस्त्याला लागून आमचं मोठं आवार होतं. अब्बा, म्हणजे करीमभाई गाडीवाले, बाजारातली कांद्याची पोती बैलगाडीनं वाहायचे. त्या दुपारी मी रिकामी पोती उन्हात पसरत होते. सहज रस्त्याकडे पाहिलं, तर पुण्याकडून एक जीप येत होती आणि तिच्या मागे अख्खं घर! आकाशी रंगाचं, दोन चाकांवरचं, खिडक्यांना पडदे लावलेलं. पण त्या घराचं लक्षण काही ठीक दिसेना. डावीकडे झुलायचं, उजवीकडे झुलायचं. जीपवाला सावरायला जाई, तसं आणखीच झुलायचं. शेवटी त्यानं घाबरून ब्रेक दाबला आणि ते घर आमच्या तुराट्यांच्या कुंपणावर येऊन टेकलं.

जीपमधून एक उंच तरुण उतरला. केसांत लाकडाचा भुसा, कपाळावर घाम. त्यानं आधी घराकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. मला त्याचा थोडा रागच आला.

"लागलं नाही ना कुठं?"

"कुंपणाला लागलंय," मी म्हटलं. "त्यालाच इचारा."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल आत जायचा. हे मी तेव्हाच पाहिलं, उगाच खोटं कशाला बोलू!

"स्टिअरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे," तो पुटपुटला.

"स्टिअरिंगचं काय घिऊन बसलाय? गाडी उलाळ झालीया तुमची."

"काय झालीय?"

"उलाळ! मागं वजन जास्त, पुढं हलकी. बैलगाडी अशी भरली तर जू वर उचलतं अन् बैलांच्या गळ्याला फास बसतो. तुमच्या जीपला गळा न्हाई म्हणून वाचली बिचारी."

त्यानं मागचं दार उघडलं. स्वयंपाकाचा ओटा मागच्या भिंतीला होता, म्हणून पाण्याचा भरलेला पिंपही तिथंच ठेवलेला. आम्ही दोघांनी तो ढकलत पुढं आणायला घेतला. तो पार पुढच्या भिंतीपर्यंत न्यायला निघाला, तसं मी थांबवलं.

"सगळं पुढं न्हाई रेटायचं. मग जीपच्या बोकांडी बसंल. जड सामान चाकांवर, तेबी खाली, जमिनीला धरून. जीपला जोडायची दांडी एका माणसाला नेटानं उचलावी लागली पायजे, एवढाच भार पुढं ऱ्हाऊ द्या."

"हे सगळं कुठं शिकलात?"

"पोत्यांवर बसून!"

तो परत फिरला, तेव्हा घर अगदी शहाण्या मुलासारखं जीपच्या मागे चाललं होतं. मोशीच्या दिशेनं ते दिसेनासं होईपर्यंत मी उभी होते. पोती तशीच राहिली.

दोन दिवसांनी स्वारी परत आली. हातात तुराट्यांचा भारा. "कुंपण नीट करायला आलोय," तो अब्बांना म्हणाला. नाव अकबर, राहायला पिंपळे गुरवला, पिंपरीच्या एका ट्रकबॉडीच्या कारखान्यात सुतारकाम करतो, इतकी माहिती अब्बांनी चहाचा कप रिकामा व्हायच्या आत काढून घेतली. कुंपण मात्र संध्याकाळपर्यंत चाललं. तेवढ्या वेळात एखाद्यानं गोठा बांधला असता!

घरगाडीचे मालक रंगराव आणि सुमनताई. रंगराव पिंपरीच्या कंपनीतून निवृत्त झालेले, सुमनताई शाळेतून. मूलबाळ नाही. दोघांनी ठरवलं होतं, आता वर्षभर हिंदुस्थान पाहायचा आणि घर बरोबर घेऊन जायचं. रंगरावांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात असल्या गाडीचं चित्र पाहिलं होतं, त्यावरून अकबरनं ती घडवली. पुढं वर्षभर जीपही तोच चालवणार होता.

ताई एकदा गाडीबरोबर आल्या आणि मला आत घेऊन गेल्या. "बाईच्या नजरेनं बघ गं शमीम. पुरुषांना काय कळतंय!"

मी बघितलं. फळ्या सुबक होत्या, कोपरे हात फिरवत राहावं असे गुळगुळीत... पण फळ्यांना पुढून पट्टी नव्हती. पहिल्याच खड्ड्यात बरण्या खाली आल्या असत्या. मी सांगितलं, फळीला दोन बोटं उंच पट्टी मारा. कपाटांना नुसती कडी नको, खिट्टी हवी. पातेली एकात एक घालताना मधे जुन्या लुगड्याची घडी ठेवा, म्हणजे वाटभर बँड वाजणार नाही. स्टोव्ह चालत्या गाडीत कधी पेटवायचा नाही आणि रॉकेलचा डबा बाहेरच्या बाजूला बांधायचा.

"आणखी?" अकबर दारात उभा राहून विचारत होता.

"आरसा कुठंय?"

"आरसा कशाला? ताई म्हणतात, चेहरा पाहायचं वय गेलं."

"मला लागतो," मी बोलून गेले. आणि मग जीभच चावली. मला कशाला लागतो? मी कुठं जाणार होते त्या गाडीतून?

पुढच्या खेपेला आत आरसा होता. खिडकीशेजारी, बरोब्बर माझ्या उंचीला लावलेला. ठेंगण्या ताईंना त्यात कपाळसुद्धा दिसेना. त्या माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या.

मग अकबर येतच राहिला. कधी गाडीची चाचणी, कधी अब्बांचा सल्ला. गाडी सोडताना आधी चाकांमागे अडसर म्हणून उटीचे दगड, मगच दांडी मोकळी करायची, हे त्याला अब्बांनी शिकवलं. गाडी सपाट उभी आहे की नाही पाहायला तो सुताराची पाणसळ काढायचा, तर मी परातीत पाणी घेऊन फरशीवर ठेवायचे. पाणी कुठल्या काठाला जास्त चढतंय ते बघायचं, त्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवायची. आम्ही दोघं परातीवर वाकून बसायचो. पाणी स्थिर व्हायला वेळ लागायचा... आणि त्यात आमचे दोघांचे चेहरे हलत असायचे.

"झालं का सपाट?" बाहेरून अब्बा ओरडायचे.

"अजून न्हाई," मी सांगायचे. खरं तर केव्हाच झालेलं असायचं.

एकदा छप्पर गळतंय का ते पाहायचं ठरलं. अब्बा शिडीवर चढले आणि विहिरीचं पाणी बादल्या-बादल्यांनी वर ओतायला लागले. आत ताई, अकबर आणि मी, माना वर करून थेंब शोधत होतो. बाहेर लख्ख ऊन आणि आमच्यापुरता धोधो पाऊस! पत्र्यावरचा तो आवाज, ओल्या लाकडाचा वास, काचेवरून उतरणारं पाणी... ताई म्हणाल्या, "मी त्या टोकाला बघते," आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्या टोकाला एवढं काय होतं, अल्ला जाणे.

टप्पकन एक थेंब माझ्या कपाळावर पडला.

"सापडलं!" अकबर म्हणाला. त्यानं खडू उचलला, पण वर खूण करायची विसरून माझ्याकडेच पाहत राहिला. "हलू नका... थेंब कुठून पडला ते कळलं पाहिजे."

"वरून पडला. थेंब वरूनच पडत्यात."

"नक्की?"

"खडू वर न्या, माझ्या कपाळावर काय फुली मारताय?"

त्यानं वर फुली मारली. फुली चांगली वीतभर चुकली आणि दुसऱ्या दिवशी लांबीचा लगदा भरताना त्याला ती गळकी फट पुन्हा शोधावी लागली. इतका सफाईदार कारागीर, पण त्या दिवशी साधी फुली जमली नाही! मला रात्रभर हसू येत होतं. कसलं हसू... मी प्रेमात पडले होते, सरळ सांगते.

आणि नेमकं तेव्हाच जुन्नरहून स्थळ आलं. मुलाचं कापडाचं दुकान, माणसं सालस, नाव ठेवायला जागा नाही. अब्बा म्हणाले, बकरी ईद झाली की त्यांना जबाब देऊ. आणि अकबरची गाडी ईदच्या आधीच निघणार होती. तो वर्षभर काश्मीर, कन्याकुमारी फिरत राहणार आणि मी जुन्नरच्या एखाद्या माजघरात. त्याच्या मनात काही असेल, तर ते त्यानं आत्ताच बोलायला हवं होतं.

शेवटच्या चाचणीला तो खेडपर्यंत जाऊन आला. आल्याबरोबर मी सवयीनं चाकाच्या मधल्या डब्यावर तळवा ठेवला. आत वंगण कमी असेल तर तो तापतो, हात टेकवत नाही. मुक्कामाला थांबलं की सगळ्यात आधी हे पाहायचं, असं मीच त्याला बजावलं होतं.

"गार आहे?" त्यानं माझ्या हाताशेजारी हात ठेवला.

"गार हाय." मी हात काढला नाही. "जुन्नरचं स्थळ आलंय मला."

त्यानं बोटानं डब्यावरची धूळ पुसली.

"चांगली माणसं आहेत?"

"व्हय. चांगली हायती."

"मग... चांगलंच झालं." त्यानं हात उचलला. "माझं काय, वर्षभर रस्त्यावरच. माझ्या भरवशावर कुणाला थांब म्हणणार?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही इतका आला की काय सांगू! "मी कधी म्हटलं, थांबते म्हणून?" एवढंच बोलून मी घरात निघून गेले. थांबायचं नव्हतंच मला. मला बरोबर जायचं होतं. हे त्या सुताराच्या डोक्यात शिरू नये?

निघायच्या दिवशी ते आमचा निरोप घेऊन पुढं जाणार होते. मी ठरवलं होतं, बाहेर यायचं नाही. चुलीपुढं बसून राहिले. रस्त्यावरून जीपचा आवाज आला आणि पाठोपाठ अब्बांची आरोळी, "आरं, आरं, आरं! सांभाळ!"

मी धावत बाहेर आले. घरगाडी फाटकाजवळ पुन्हा डावी-उजवीकडे झुलत होती, अगदी पहिल्या दिवसासारखी. फक्त आज जीप इतकी हळू होती की शेजारून शेळी पुढं गेली असती. कुंपणापासून हातभर अलीकडे गाडी थांबली.

अब्बांनी एका चाकामागे दगड लावून गाडी सोडवली आणि एका हातानं दांडी उचलली. ती सहज वर आली. "उलाळ झालीया," ते कपाळाला आठ्या घालत म्हणाले. "इतकं शिकिवलं, पाण्यात गेलं व्हय रं?"

"चुकलंच चाचा," अकबर मान खाली घालून म्हणाला.

अब्बांनी मागचं दार उघडलं. सुमनताईंची पुस्तकांनी भरलेली लोखंडी ट्रंक, जी चाकांवर, खाली ठेवायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, ती पार मागच्या भिंतीला होती. शेजारी पाण्याचा पिंप. आणि दोन्हींना दोर आवळलेला, अब्बांनीच शिकवलेल्या गाठीनं, हलू नये म्हणून दुहेरी. अब्बा त्या गाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. चुकून राहिलेल्या सामानाला एवढ्या काळजीनं कोण दोर बांधतं?

"हे कुठं भरलंस?"

"त्या वळणावर. इथवर सरळ आणली."

"ताई, तुमी बघत हुता?"

"मी दोर धरला होता," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. रंगराव घड्याळाकडे पाहून कुरकुरले, पण त्यांच्या मिशा हसत होत्या.

अकबर माझ्याकडे वळला. कान लाल झालेले. "मागं वजन जास्त झालंय," तो म्हणाला. "पुढं... पुढं कुणीतरी बसायला हवं. तरच गाडी सरळ जाईल."

"जीपमधी माणूस बसवून मागची गाडी सरळ होत न्हाई," मी म्हटलं. "एवढंबी कळत न्हाई?"

"बैलगाडीत तर होते."

"ही बैलगाडी न्हाई."

"मग माझी सरळ होईल," तो म्हणाला. "माझं सगळं झुलतंय, शमीम. तू चल. मी थांब म्हणणार नाही तुला... बरोबर चल म्हणतोय."

अम्मी गेल्यापासून माझा शब्द अब्बांनी कधी खाली पडू दिला नव्हता, पण हा शब्द मोठा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं? जुन्नरला काय कळवू?"

"न्हाई म्हणून कळवा, अब्बा." आणि मग एका दमात, "मला हेच पायजेत."

अब्बा वाकले. कुंपणाजवळचा मोठा दगड उचलून त्यांनी दुसऱ्या चाकामागेही सारला, पायानं घट्ट बसवला. "आज गाडी निघत न्हाई," ते रंगरावांना म्हणाले. "आदी निकाह. मग कुठं जायचं तिथं जा."

ईदच्या आधीच निकाह झाला. पिंपळे गुरवहून त्याची माणसं आली, अंगणात जेवणाच्या पंगती बसल्या. निघायच्या सकाळी ट्रंक चाकांवर होती, दांडी नेटानं उचलावी लागत होती. सगळं जोडून झालं, पण अब्बा दगडाला हात लावेनात.

"तू काढ, पोरी," ते म्हणाले. "माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी तो दगड काढला. दोन्ही हात लागले.

पहिला थांबा खेडला घेतला. मी उतरून चाकाच्या डब्यावर तळवा ठेवला. माझ्या हातावर लगेच त्याचा हात येऊन बसला.

"तापलाय?" त्यानं विचारलं.

"डबा गार हाय," मी म्हटलं. "तुमचाच हात तापलाय."

मागून सुमनताईंचा आवाज आला, "अगं, सावकाश तपासा... आम्हाला काही घाई नाही!"