नानांनी ओ दिली

खोटं वाटलं तर वाटू दे. मी हे कुणाला पटवायला लिहीत नाहीये. एक विनंती आहे, ती शेवटी करते.

आणि ही अमावास्येची रात्र वगैरे नाही. नाशिकरोडला, जेल रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, गेल्या जानेवारीत भर दुपारी घडलेलं आहे.

मी ऑडिओबुकसाठी पुस्तकं वाचते. बेडरूमच्या कपाटाला आतून गोधड्या लावून माइक बसवलाय, तोच माझा स्टुडिओ. नवरा एकलहऱ्याला पॉवर हाउसमध्ये शिफ्टला असतो. दुपारी घरात मी आणि माझे सासरे, नाना. मूळचे निफाडकडचे. त्यांचे कान गेलेत. मशीन लावलं तरच ऐकू येतं, आणि झोपताना ते मशीन डबीत काढून ठेवतात.

जानेवारीत एक कादंबरी आली. फॅसिस्ट राजवटीतल्या इटलीची. काळे शर्ट घातलेली माणसं इमारतीखाली येतात. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून एकाचंच नाव पुकारतात. ज्याचं नाव, त्याने निमूट खाली उतरायचं. तो परत येत नाही. बाकीचे दारं लावून गप्प.



पहिली हाक सातव्या प्रकरणात होती. "आन्तोनियो!" मी दरडावून वाचलं आणि थांबले. तिथे शांतता हवी होती.

त्या शांततेत...

"ओ."

बाहेरच्या खोलीतून. नानांचा आवाज.

जाऊन बघितलं. नाना पलंगावर उठून बसलेले. मशीन डबीतच. मी ते त्यांच्या हातात दिलं, त्यांनी कानात बसवलं.

"नाना, काय झालं?"

"तूच हाक मारली ना?"

"मी कशाला मारू?"

"मंग कोन मारील? घरात दुसरं हाय कोन?"

वय झालंय, म्हणून मी सोडून दिलं.

दोनेक दिवसांनी साउंड एडिटर मयूरचा फोन आला. "ताई, सातव्यात नाव चुकलंय. आन्तोनियोच्या जागी दुसरंच काहीतरी म्हणालात."

मी हेडफोन लावला.

आवाज माझाच. दरडावणीही माझीच. पण नाव...

नानांचं.

नुसतं नाव. एकेरी.

लग्नाला चौदा वर्षं झाली, सासऱ्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलेलं नाही. आमच्याकडे सुना घेत नाहीत. बँकेत विचारलं तरी मी त्यांचं आधार कार्ड पुढे सरकवते. हसा खुशाल. बघा, ते नाव मी इथेही लिहिलेलं नाही.

मधल्या प्रकरणांत हाक नव्हती, ती वाचून पाठवली. शेवटचं तेवढं उरलं, तेव्हा एका दुपारी मी सातव्यातली ती हाक पुन्हा वाचली. "आन्तोनियो" हेच म्हणाले, शपथेवर सांगते. बाहेर आले तर नाना दाराशी. डोक्यावर टोपी, पायात चपला.

"कुठं निघालात?" मी खुणेने विचारलं.

"खाली मानसं उभी हायेत. उगा ताटकळत ठेवू नाय."

मी गॅलरीतून वाकून बघितलं. खाली कुणीच नव्हतं... रोज तिथे खेळणारी पोरंही नव्हती. जिन्यात डोकावले. सगळ्या मजल्यांची दारं बंद. आमच्याकडे दुपारी अशी सगळी दारं कधीच बंद नसतात.

मी घाबरले. नानांना दंडाला धरून आत आणलं, कडी लावली आणि मयूरला फोन केला. म्हटलं, हे पुस्तक मला झेपणार नाही. शेवटच्या प्रकरणातली हाक मी वाचणार नाही. तिथे तो माणूस जिना उतरतो.

"चेष्टा करता का ताई?" तो म्हणाला. "शेवटचं प्रकरण कालच आलं की तुमचं, सातव्यातल्या दुरुस्तीसकट. अंगावर काटा आला माझ्या. पुस्तक सकाळीच ॲपवर चढलंय."

मी पाठवलं नव्हतं.

मी ते वाचलंच नव्हतं...

कंपनीशी भांड भांड भांडले, तेव्हा त्यांनी पुस्तक काढलं. पण ज्यांनी आधीच डाउनलोड केलं, त्यांच्या फोनमध्ये ते तसंच आहे.

तेव्हापासून नाना मधूनच उठतात. कधी सकाळी, कधी हातातला घास टाकून. मशीन कानात नसतं. ओ देतात, टोपी चढवतात आणि जिन्याकडे निघतात. मी धावत जाऊन धरते. दर वेळी ते आधीपेक्षा खालच्या पायरीवर सापडतात. आता फार पायऱ्या उरलेल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, वय आहे. नवराही तेच म्हणतो.

मला वडील नाहीत. वाचून घसा बसला की नाना स्वतः उठून मला आल्याचा चहा करून देतात. त्या माणसाला माझ्याच आवाजाने कुणी नेऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

म्हणून ही विनंती. ते पुस्तक तुमच्या फोनमध्ये असेल, तर शेवटचं प्रकरण लावू नका. पाया पडते.

हे लिहीत असताना आत्ताच बाहेरच्या खोलीतून...

"ओ."

कडी वाजली.

कुणीतरी ते प्रकरण लावलंय. जे कुणी असाल, बंद करा.