उलटी न केलेली सीट

लाईट यायला अजून तासभर जाईल. लिफ्ट बंद, वर जाऊन काय करणार? बसा इथंच कट्ट्यावर. सांगतो एक. पण मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर मारायचा नाही. उदय, तुलाच सांगतोय. आणि मधेच "विठूमामा, खरंच का हो?" म्हणून विचारायचं नाही. मी चौथी नापास माणूस, मला रचून सांगता येत नाही. जे झालं ते श्रीपतीच्या भावाला झालं. मी फक्त टेम्पो चालवत होतो.

सन सत्त्याण्णव. फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार. अमावस्या नव्हती, पौर्णिमा नव्हती. साधा मंगळवार.

श्रीपती परभणीकडचा. जड सामान हलवायचं काम करायचा. तिजोऱ्या, लोखंडी कपाटं, गिरणीच्या मोटरी. लोक ज्याला हात लावायला घाबरतात ते हा दोरखंड आणि फळीवर खाली उतरवायचा. आईबाप लवकर गेले. धाकटा भाऊ संघर्ष यानंच वाढवलेला. पोरगा बावीस वर्षांचा, काठीसारखा. रेल्वेच्या भरतीत लेखी पास झाला होता आणि पुढच्या सोमवारी त्याची पळायची परीक्षा होती. रोज पहाटे मीरा रोडला पूनम सागरच्या रस्त्यावर पळायचा. कुत्री मागं लागायची, दमायची, परत फिरायची. हा पळतच.

श्रीपतीनं त्याला बजावलं होतं, "सोमवारपर्यंत तू जड उचलायचं नाही. पाठ धरली तर पळशील कसा?"

"मग मी येऊन करू काय?"

"बस. बघ. बोल्ट मोज."

काम पूनम सागरलाच होतं. तिथं पहिल्या मजल्यावर व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शेठनं त्यातली मोटारीची गेम चौक गावातल्या एका हॉटेलवाल्याला दिली होती. उत्तनच्या पुढं समुद्राला लागून पिकनिकवाले जातात ना, तिथं. तुम्ही अंगठ्यानं खेळता तसली गेम नाही ती. खरी सीट, खरं स्टिअरिंग, खाली पेडल, समोर हा एवढा टीव्ही. पलंगाएवढं धूड. अख्खं दारातून निघतच नाही. त्याचे दोन भाग करावे लागतात. पुढचा भाग टीव्ही, स्टिअरिंग आणि पेडलचा. मागचा नुसता सीटचा. मधे चार मोठे बोल्ट आणि वायरींचा झुपका. पार्लर दहाला बंद व्हायचं, म्हणून रात्रीचं काम.

श्रीपतीबरोबर सदू आणि शिवा होते. मला धरून चौघांनी दोन्ही भाग जिन्यावरून खाली घेतले. शिव्या देत, पण कुठं चरा न पाडता. टेम्पोत एकावेळी एकच भाग मावत होता. पुढचा भाग आम्ही आधी चौकला टाकून आलो. सदू आणि शिवाला तिथंच ठेवलं, राखणीला. सीटपाशी संघर्ष थांबला होता. श्रीपती आणि मी परत आलो तेव्हा एक वाजून गेला होता.

वॉचमन सुभाष फळीला हात लावायला आला. सीट बघून थबकला.

"सांभाळून हं. यातच गेला पंढरीनाथ."

"कोण पंढरीनाथ?" श्रीपतीनं विचारलं.

सुभाष विडी पेटवून सांगायला लागला. पंढरीनाथ बसचा डायवर. उत्तनची लाईन चालवायचा. डोळ्यांत मोतीबिंदू आला, साहेबांनी गाडीवरून उतरवून टेबलावर बसवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी खाकी कपड्यांत, नाल ठोकलेल्या बुटांतच पार्लरमधे यायचा, शाळेतल्या पोरांच्या लायनीत उभा राहायचा आणि नंबर आला की ती गेम चालवायचा. पण पळवायचा नाही. वळण आलं की उजवा हात बाहेर काढायचा. मधेच ब्रेक मारून थांबायचा, चार आकडे मोजायचा, मग निघायचा. पोरं हसून लोळायची. काका, कोण चढलं? काका, एक उत्तन द्या. हा हूं की चूं करायचा नाही.

"दिवाळीच्या आधी एका रात्री शटर पाडताना बघितलं तर हा बसलेलाच," सुभाष म्हणाला. "दोन्ही हात स्टिअरिंगवर. गेम कधीची संपलेली. हात सोडवायला तिघं लागले."

श्रीपतीनं फळी खाली ठेवली. म्हणाला, "उलटी करा."

आता हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या लाईनीत बसायची वस्तू टेम्पोत उलटी चढवतात. खुर्ची, खाट, सोफा, सगळं पाय वर करून. पोरं म्हणतात जागा वाचते म्हणून. जुने मुकादम म्हणायचे, रस्ता लांबचा असतो, रिकामी जागा दिसली की कोणीही बसतं. विचारायचं नाही, करायचं.

मी म्हणालो, "डोकं फिरलं का तुझं? सीटखाली स्पीकर आहे, कडेला फायबर आहे. उलटी केली की तडकली. हॉटेलवाला दारातून परत पाठवेल."

"मग मी नेत नाही."

"अरे, तू बुद्धाचा माणूस. भूतबित मानत नाहीस. स्टेशनवर पोरांना भाषणं देतोस."

"मानत नाहीच. रीत आहे ती. रिकामी सीट मी सुलटी नेत नाही."

रात्रीचा दीड. मला झोप येत होती. सकाळी सातला दुसरं भाडं होतं. आणि मी बोललो. मीच बोललो, दुसरं कोणी नाही.

"रिकामी नको ना? मग पोराला बसव त्यात. नाहीतरी तो बसूनच आहे."

श्रीपती भावाकडं बघत राहिला. संघर्ष हसला, उडी मारून टेम्पोत चढला. आम्ही तिघांनी सीट फळीवरून वर सरकवली, सुलटी. तो त्यात आरामात रेलला.

"चला मामा, घंटी मारा. डबल."

धक्क्यानं पडू नये म्हणून श्रीपतीनं त्याच्या कमरेला दोरखंड घातला आणि सीटला बांधला. दोन गाठी. स्वतःच्या हातानं.

निघालो. श्रीपती माझ्या शेजारी केबिनमधे. मागं उघड्यावर सीट, सीटमधे पोरगा, तोंड पुढं करून. त्याच्या समोर काही नव्हतं. ना टीव्ही, ना स्टिअरिंग. नुसती माझ्या केबिनची पाठ.

भाईंदर पश्चिमेला येऊन उत्तनचा रस्ता धरला. मुर्ध्याचा स्टॉप यायच्या आधी मला आरशात उजवा हात दिसला. बाहेर काढलेला, पंजा खाली. थांबायचा सिग्नल.

"बघ तुझा भाऊ," मी हसलो. "डायवर झालाय."

श्रीपतीही हसला. मी थांबलो नाही. का थांबू?

राईला परत हात. स्टॉपच्या आधी, बरोबर तेवढाच. मी थांबलो नाही.

मोर्व्याच्या पुढं वस्ती संपली. दिवे संपले. दोन्ही बाजूंना मिठागरं. त्या रस्त्यावर तेव्हा एक जुना स्टॉप होता चिंचेखाली. होता म्हणजे, कधीचा हलवलेला. खांबही राहिला नव्हता. माझ्यासारखे जुने गाडीवाले सोडून कोणाला माहीत नव्हतं.

हात तिथंच बाहेर आला.

मी हसलो नाही. श्रीपतीही नाही.

केबिनच्या मागच्या जाळीतून पोराचा आवाज आला. अगदी साधा. गर्दीत बोलतात तसा.

"काका, जरा सरका ना."

श्रीपतीनं माझ्याकडं बघितलं. "कोणाशी बोलतोय हा?"

मी वेग कमी केला.

"काका... पाय काढा. माझ्या पायावरचा पाय काढा."

मी आरशात बघितलं. हात अजून बाहेर होता. पोरगा अर्ध्या बाहीच्या बनियनवर आला होता. मी स्वतः बघितलेला. हाताला लांब बाही होती. मनगटापर्यंत. खाकी.

ब्रेक मारला.

आम्ही मागं गेलो. बॅटरी मारली. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती, घड्याळ माझ्या हातात होतं. पोरगा ताठ बसलेला. हात पुढं, मुठी वळलेल्या. मुठींत काही नाही. उजवा पाय दाबलेला. खाली पेडल नाही. बनियन अर्ध्या बाहीचंच. हात उघडे. घामानं चमकत होते.

"संघ्या, ऊठ."

"दादा, उठता येत नाही."

श्रीपतीनं दोरखंड कापला. काखेत हात घालून ओढला. हा माणूस चार मण तिजोरी पाठीवर घ्यायचा. पोरगा तसूभर हलला नाही. मी पाय धरले. दोघांनी ओढला. नाही. श्रीपतीच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पोरगा ओरडला. आम्ही सोडलं.

"दादा, ते म्हणतात, तीन स्टॉप सुटले."

"कोण म्हणतं?"

पोरगा मान वळवत नव्हता. समोर बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दादा, सोमवारी पळायचंय मला."

मग श्रीपतीला जी एकच गोष्ट येत होती ती त्यानं केली. पाने काढले आणि सीट खोलायला बसला. मी बॅटरी धरली. पाठ खोलली. दोन्ही बाजूंचं फायबर काढून रस्त्यावर फेकलं. तडकलं. त्याचं कोणाला काय पडलंय. स्पीकर काढला. पट्ट्या काढल्या. एकेक बोल्ट. पाना निसटत होता, बोटं सोलली. कोणी आलं नाही. एक रिक्षा नाही, सायकल नाही. मिठागरात पाणी होतं, त्याचाही आवाज नाही.

शेवटी गादी उरली. गादी आणि वर पोरगा.

श्रीपती म्हणाला, "मी गादी ओढतो. तू धर त्याला. पडेल तो."

त्यानं ओढली. गादी निघाली. सहज निघाली, उशीसारखी.

पोरगा पडला नाही.

मी बॅटरी खाली मारली. त्याच्या बुडाखाली टेम्पोचा पत्रा दिसत होता... मधे वीतभर जागा. नुसती हवा. आणि तो बसलेला. कोणाच्या तरी मांडीवर बसतात ना... तसा.

श्रीपती गादी छातीशी धरून उभा राहिला. मग वाकला. भावाच्या डोक्यावरून, त्या रिकाम्या जागेकडं बघून हात जोडले. हा माणूस. ज्यानं जन्मात कोणा देवाला हात जोडले नव्हते.

"काका," तो म्हणाला. "चूक झाली. लहान आहे तो. तुम्ही मला घ्या."

काहीच झालं नाही.

काहीच नाही.

मी पुढं गेलो. गाडी वळवली. दुसरं काय करणार, सांगा? श्रीपती मागं बसला, भावाला दोन्ही हातांनी धरून. मी हळू चालवली. चिंचेच्या जागी थांबलो. हॉर्न दोनदा वाजवला, घंटीसारखा, चार आकडे मोजले, निघालो. राईला थांबलो. चार मोजले. मुर्ध्याला थांबलो. चार... तेव्हा मागं धप्प आवाज झाला. पोरगा पत्र्यावर पडला होता. हात सुटले होते.

पाय नाही सुटले.

हॉस्पिटलमधे डॉक्टरांनी टाचण्या टोचून बघितल्या. कमरेखाली काही लागत नव्हतं. कुठं मार नाही, हाड मोडलेलं नाही. फोटो काढले, नसांच्या तपासण्या केल्या. पार सोमवार उजाडेपर्यंत श्रीपती त्यांना विचारत होता, "साहेब, आज पळेल का?" एका डॉक्टरीणबाईनं त्याला बाहेर नेऊन बसवलं, तेव्हा कुठं थांबला.

हॉटेलवाल्यानं सीटशिवाय पुढचा भाग घेतला नाही. शेठनं तो तिथंच भंगारात काढला. श्रीपतीनं लाईन सोडली. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुवायला लागला. लग्न केलं नाही. भावाचं सगळं तोच करतो, अजून. अंघोळ, जेवण, सगळं. माझ्यावर कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी जातो कधी कधी. मीरा रोडलाच राहतात, तळमजल्याला. संघर्ष आता पन्नाशीला आला. बोलतो चांगला, पेपर वाचतो. सकाळी श्रीपती त्याला उचलून खिडकीपाशी खुर्चीत ठेवतो आणि संध्याकाळी उचलून खाटेवर. मधे पाय जिथं ठेवले तिथंच असतात. माशी बसली तरी हलत नाहीत.

गेल्या महिन्यात गेलो तर श्रीपती जमिनीवर बसून लादी बदलत होता. म्हटलं, फुटली काय? त्यानं जुनी उचलून माझ्या हातात दिली. जाड लादी. आठ वर्षांची, म्हणाला. ही चौथी. उजव्या पायाखालची. नेहमी तीच.

लादीत खड्डा होता. झिजून झिजून पडलेला, गुळगुळीत, बोटभर खोल. पुढं पंजा आणि मागं टाच.

मी संघर्षच्या पायाकडं बघितलं. अनवाणी असतो तो घरात. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या पायात चप्पलसुद्धा कोणी घातली नाही.

लादीतली खूण बुटाची होती. टाचेला नाल मारलेला.