तिसऱ्या नळीवरचा बाण

"राहू द्या तो बूट! हजार वर्षांनी कुणीतरी त्याच्यावर अभ्यास करेल."

तळ्याच्या काठी माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतला होता. पाय वर आला, बूट काही आला नाही. आणि हे महाशय तराफ्यावर उभे राहून वर मलाच शहाणपण शिकवत होते! मी असं काही बघितलं, की त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला. हात ओला, गार, आणि... जाऊ दे. त्या दिवशी मी एका पायात बूट घालून तराफ्यावर बसले आणि का कोण जाणे, दिवसभर हसत होते.

आमचं काम तसं साधं. वारा धूळ आणतो, ती तळ्यात पडते, थरावर थर बसतो. तराफेवाला, म्हणजे हेच महाशय, तळाशी नळी खुपसून तो गाळ वर ओढायचा, एकीखाली एक अशा पाच नळ्या. वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येकीवर बाण काढायचा. मग प्रयोगशाळेत मी त्या गाळाचे बोटभर काप करून धुवायचे आणि धुळीचे कण मोजायचे. कण जाडे आणि भरपूर, म्हणजे तेव्हा वारं पिसाटलेलं. चार हजार वर्षांच्या वावटळी माझ्या बशीत! आई म्हणते, "घरात कधी झाडू धरला नाहीस, आणि पगार घेतेस धुळीचा."

आठवड्यानं तो प्रयोगशाळेच्या दारात हजर. हातात माझा बूट, धुतलेला, पुसलेला, नाडीसकट.

"धूळबाई इथेच बसतात का?"

"अशी कुणी बाई इथे नाही. बूट टेबलावर ठेवा."

"टेबलावर? बूट?"

"...म्हणजे खाली!"

तो हसला. माझे कान तापले. मग काय, तो नळ्यांची टोपणं द्यायला आला. मग राहिलेली टोपणं द्यायला. मग टोपणं नीट बसतात ना, ते विचारायला.

टोपणं बसत होती हो, माझी धूळच बसत नव्हती. पाच नळ्यांच्या मोजणीच्या पाच कागदी पट्ट्या मी भिंतीवर एकीखाली एक लावल्या होत्या. दुसरीच्या तळाशी धुळीचा कहर, आणि तिसरी सुरू होते ती एकदम शांत. तिसरीच्या तळाशी पुन्हा कहर, आणि चौथी शांत. वारा काय कुणी बटण दाबून बंद करतं? बाण चुकला असेल हे माझ्या मनातही आलं नाही, कारण सात वर्षांत त्याचा एकही बाण चुकला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, त्यांचा नियमच होता, बाण चुकला की तराफ्यावरून खाली. आणि मला त्यांनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत सांधा जुळला नाही, तर हा गाळ फेकायचा." म्हणजे माझे कित्येक महिने फेकायचे.

शनिवारी दुपारी तो आला तेव्हा मी चक्क रडत होते.

"काय झालं?"

मी पट्ट्यांकडे बोट दाखवलं, सगळं सांगितलं. तो थट्टा करेल म्हणून वाट बघत होते... पण त्याचा चेहरा उतरला. तो भिंतीपाशी गेला, तिसरी पट्टी काढली, उलटी केली आणि लावली.

कहराला कहर जुळला. शांततेला शांतता.

"बाण मी उलटा काढला," तो म्हणाला. "त्या बुटाच्या दिवशी. नळी हातात होती, आणि तुम्ही हसत होता..."

"बाईंना सांगू नका," मी घाईनं म्हणाले. "मी सांगते, नळी माझ्याच हातून फिरली म्हणून."

"छे! बिचाऱ्या धुळीनं चार हजार वर्षं खरं सांभाळलं. तुमच्या वहीत खोटं माझ्यापायी नको."

सोमवारी तो स्वतः बाईंसमोर उभा राहिला. तराफा गेला तर तो टोपणांचं निमित्त काढून तरी कसा येणार?

"सात वर्षांत नाही, आणि आत्ताच? लक्ष कुठे होतं?" बाई कडाडल्या.

त्यानं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. बाईंनी चष्म्यावरून त्याला पाहिलं, मग मला पाहिलं. माझे कान पुन्हा तापले.

"असं आहे होय!" बाई खुर्चीत मागे टेकल्या. "नळ्या तूच ओढ, तुझ्यासारखा ओढणारा दुसरा मिळायचा नाही. पेन मात्र आजपासून हिच्या हातात. बाण ही काढेल."

महिन्याभरानं आम्ही पुन्हा तळ्यावर. बारीक वारा, पाण्यावर ऊन. त्यानं नळी वर ओढली, निथळवली आणि माझ्या मांडीवर आडवी ठेवली. गाळानं भरलेली त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि तिथेच राहिली. मी पेनचं टोपण काढलं. नळीकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. पुन्हा नळीकडे...

"अरे," मी हळूच विचारलं, "वरची बाजू कुठली?"

तो इतका हसला की तराफा डुलला. "धूळबाई! लक्ष कुठे होतं?"

"तुझ्याकडे," मी म्हणाले. "आता सांग लवकर, नाहीतर बाई दोघांनाही खाली उतरवतील."