एका टोपलीतला वाटा

जरा डोळे मिटा बघू. अंगात स्वेटरावर स्वेटर आहेत असं समजा, आणि चला... आपण अंटार्क्टिकाच्या समुद्रात उतरतोय. वर बर्फाचं जाड छप्पर, खाली काळोख. त्या काळोखात मडक्यांसारखे पांढरे स्पंज उभे आहेत. झाडं नव्हेत बरं, प्राणी आहेत ते! ना तोंड, ना पाय. हाडांच्या जागी काचेसारख्या सुया. एका जागी बसून पाणी गाळायचं आणि त्यात मिळेल ते खायचं. वाढतात इतके हळू, की पणजोबांनी पाहिलेला स्पंज पणतूलाही जवळजवळ तेवढाच दिसावा.

दिसला ना? आता उघडा डोळे. कारण या स्पंजांचा अभ्यास करणारी वेंगुर्ल्याची नम्रता मिठबावच्या किनाऱ्यावर, टळटळीत उन्हात, मासळीतला कचरा चिवडत बसली आहे.

रापण नुकतीच ओढून झाली होती. रापण म्हणजे होडीनं समुद्रात लांबवर फिरवलेलं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं भलंमोठं जाळं.

"ओ बाई, ती घाण कित्याक गोळा करतास?" दोराच्या वेटोळ्यावर बसलेला तरुण हसत होता. त्याचं नाव सर्वेश.

"घाण नाही, स्पंज आहेत हे. बर्फातल्या स्पंजांशी ताडून बघायचेत... नेऊ ना?"

"न्या की! पण हंय दोराक हात लावल्याशिवाय कोणाक वाटो नाय."

दुसऱ्या दिवशी नम्रता दोराला उभी राहिली. तळवे सोलवटले. पुढे ओढणारा सर्वेश सारखा मागे वळून बघत होता.

"दुखता काय?"

"छे!"

"मग तोंड असा कित्याक केलास?"

ती हसली, आणि दोर हातातून सुटता सुटता राहिला.

वाळूवर मासळीचे वाटे पडले. नम्रतालाही बांगडे मिळाले. तिची बादली स्पंजांनी भरलेली. म्हणून तिनं ते सरळ शेजारच्या टोपलीत टाकले. सर्वेशच्या! सारा किनारा खदखदून हसला.

"गो बाय माझे," शेजारी मासे निवडणारी सुशीलाकाकी डोळे पुसत म्हणाली, "एका टोपलेत वाटो एकाच घरची माणसां घालतत!"

नम्रतानं घाईघाईनं बांगडे परत काढले. सर्वेश कानापर्यंत लाल झाला होता, आणि त्याची दातपडकी पुतणी आकांक्षा टाळ्या पिटत होती, "काकी इली! काकी इली!"

त्यानंतर प्रत्येक रापणीला सर्वेश तिच्यासाठी स्पंज वेगळे काढू लागला. कचऱ्यातून नव्हे, तर समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत, फडक्याखाली, सावलीला.

"तूच सांगलस ना," तो म्हणायचा, "तेंका वारो लागाक देव नये म्हणान..."

'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका संध्याकाळी तिनं त्याला सांगितलं, "तिकडे अंटार्क्टिकात एकदा बर्फाचं छप्पर तुटून वाहून गेलं. पाण्यात ऊन उतरलं, खाणं वाढलं. आणि वर्षानुवर्षं न वाढणारे स्पंज भराभर वाढले! कसे, तेच बघायला मी बोटीनं चाललेय."

"म्हणजे... बर्फ फुटूक होयो."

"हो. फुटायलाच हवा."

लाटा येत राहिल्या. सर्वेश जाळं विणायची सुई बोटांत फिरवत बसला.

परत आल्यावर कुठं काम करायचं, हे नम्रताला निघण्याआधी वरिष्ठांना कळवायचं होतं: जवळ गोव्यात, की दूर परदेशात? एक शब्द... त्याचा एकच शब्द तिला हवा होता.

निघायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा दोराला उभी राहिली. वाटा मिळाला. आज बादली रिकामी होती. तरीही ती सर्वेशच्या टोपलीपाशी गेली आणि आपले बांगडे तिनं त्यात ठेवले. एकेक करून, सावकाश.

कोणी हसलं नाही.

"नम्रता... चुकान पडले काय?" सर्वेशनं विचारलं.

"ह्या खेपेक चूक नाय हां," ती आपल्या घरच्या बोलीत म्हणाली. "बर्फ फुटलो. आता तरी बोल रे!"

"माका वाटला... इतक्या लांब जाणारा माणूस ह्या वाळूर कित्याक परत येतला?"

"बोट जाता, तशी येता पण."

सर्वेशनं टोपलीवर हात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तर मग प्रत्येक रापणीक तुझो वाटो ह्याच टोपलेत पडतलो. तू परत येयसर तुझ्या वाट्याचो दोर मी वडतलंय!"

नम्रताच्या मनात गोवा कधीच ठरून गेला होता.

आकांक्षा इतका वेळ टोपलीत डोकावत होती. एका बाजूला काकाचे बांगडे, दुसऱ्या बाजूला नम्रताचे. तिनं फ्रॉकच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत टोपलीत घातले, आणि कुणाचे कुठले ते ओळखताच येऊ नयेत, असे सगळे बांगडे ढवळून एक करून टाकले.