नळीतला चहा

दुपारी भेटायची वेळ झाली की शिवणकाम करणारी थोरली लेक आईच्या खाटेपाशी येऊन उभी राहायची. आई बेशुद्ध. नाकातून पोटात गेलेली नळी, आणि नळीतून सोडलेलं दुधासारखं पातळ अन्न. पण पोट ते घेतच नव्हतं. नर्सबाई पुढचं अन्न देण्याआधी सिरिंजने ओढून बघायच्या, तर आधीचं जसंच्या तसं वर यायचं.

“पोट झोपलंय,” त्या दमलेल्या आवाजात म्हणायच्या. “अंगात ताकद येणार कुठून?”

एके दिवशी मात्र सिरिंजमध्ये तपकिरी काहीतरी आलं. नर्सबाईंनी वास घेतला.

“ताई, चहा पाजलात यांना?”

“मी? नाही हो.”

“खरं सांगा. श्वासात गेला तर जीव जाईल त्यांचा.”

 चहा थोरलीनेच घेतला होता. पण खाली, कँटीनमध्ये.

दुसऱ्या दिवशी तिने केळं खाल्लं. सिरिंजमध्ये केळ्याचा गर आला, त्यातले बारीक काळे दाणे काचेसारख्या नळीला चिकटून राहिले.  या खेपेला नर्सबाईंनी तिच्याकडे न बघताच हातमोजे काढले.

भीतीने थोरलीने जेवण टाकलं. आई आणखी खंगली. मग तिने विचार करणंच सोडलं आणि खायला बसली. भूक असो नसो, भात, अंडी, दूध. घास गिळायचा, पण पोटात काही पडायचं नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं.

आईच्या गालांवर रंग चढला. आता नळीतून काही परत येईना. डॉक्टर खूश झाले. थोरलीने मात्र स्वतःचे ढिले झालेले कपडे टीप मारून आत घेतले… मग पुन्हा घेतले.

परगावचा धाकटा भाऊ आला, तो दारातच थबकला. “अगं, आजारी कोण, तू की आई?”

तिने बसल्या बसल्याच त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. उठण्याइतकं त्राण नव्हतं.

आई शुद्धीवर आली, नळी निघाली. भाऊ खाली जेवायला गेला होता. थोरलीने दुधाचा चमचा आईच्या ओठांना लावला. आईने तोंड फिरवलं.

“नको गं… पोट भरलंय.”

थोरलीने चमचा खाली घेतला. “पण आई… आज मी सकाळपासून काहीच खाल्लं नाही.”

“ठाऊक आहे.” आईने तिचं मनगट मायेने दाबलं. “तू आता दमलीस बाळ. राहू दे.”

तेवढ्यात भाऊ हात पुसत आत आला. “काय कळत नाही गं ताई. दोन ताटं जेवलो, तरी पोटात कण गेल्यासारखं वाटेना. पुन्हा जाऊन येतो.”

आईने डोळे मिटून घेतले होते.

“जा,” ती पुटपुटली, “पण या वेळी भातावर थोडं मीठ घे.”